रुग्णाचा दाखला

दवाखान्यातून माणूस घरी आला, म्हणजे आपण देवापुढे नारळ फोडतो. शेजारीपाजारी भेटायला येतात. "सुटलो बुवा एकदाचे," असे आपण म्हणतो. पण खरे पाहिले तर निम्मे काम तेव्हाच सुरू होते. आजार दवाखान्यात राहिला आणि माणूस तेवढा घरी आला, असे होत नाही. माणसाबरोबर आजारही घरी येतो. काही आजार चार दिवसांचे पाहुणे असतात. काही मात्र वर्षानुवर्षे घरात मुक्काम करतात. अर्धांगवायू हा त्यांतलाच एक. त्याला कोणी लकवा म्हणतात, कोणी वारे गेले म्हणतात.

अशा रुग्णाला दवाखान्यातून घरी आणताना काय सांभाळावे, आणि हातातला मोबाइल त्या कामी कसा येतो, ते या धड्यात पाहू. आधी आमच्याच घरी घडलेली गोष्ट सांगतो.

चूक कशी झाली

आमचे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो. वय ७६. एके दिवशी सकाळी त्यांच्या हातातून चहाची बशी गळून पडली. तोंड एका बाजूला ओढले गेले. उजवा हात उचलेना. बोलणे बोबडे झाले. पुतण्याने लगेच १०८ नंबर लावला. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ सालापासून फुकट येते. अशा वेळी घरगुती तेलपाणी करीत बसू नये. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असेल, तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आतच देता येते.

दादा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस होते. जीव वाचला. बाराव्या दिवशी त्यांना घरी आणले. बरोबर कागदांची पिशवी आणि नव्या गोळ्या. आमची सूनबाई मोठी नेटकी. कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, हे तिने नीट समजून घेतले होते. घरी एका पत्र्याच्या डब्यात दादांच्या जुन्या गोळ्याही होत्या. रक्तदाबाची गोळी ते पूर्वीपासून घेत होते. सूनबाईने विचार केला, नवी औषधे नव्या आजाराची, जुनी औषधे जुन्या आजाराची. तिने दोन्ही चालू ठेवली.

सहाव्या दिवशी दादांना उठवून बसवले, तर त्यांचे डोळे फिरले. अंगाला दरदरून घाम सुटला. मान टाकली. आम्हाला वाटले, आता दादा गेले.

गाडीत घालून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. रक्तदाबाचा वरचा आकडा फक्त ९० भरला. डॉक्टरांनी विचारले, "आजोबांचे आधीचे कागद कुठे आहेत?"

कागद पुण्याला! पुतण्या पुण्यात नोकरीला. रजेच्या अर्जाला जोडायला म्हणून पिशवीच घेऊन गेलेला.

डॉक्टर म्हणाले, "मग फोन लावा. मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा."

दोन मिनिटांत फोटो आला. डॉक्टरांनी तो वाचला. मग आम्ही आणलेल्या गोळ्यांची दोन पाकिटे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, "कंपनीचे नाव वेगळे, पाकिटाचा रंग वेगळा. पण आतले औषध एकच आहे. अॅम्लोडिपिन. आजोबांना रोज दुप्पट गोळी जात होती."

सूनबाई भिंतीला टेकून रडू लागली. "माझ्याच हातानं झालं की हो," म्हणाली. तिने एकही वेळ चुकवली नव्हती. वेळ न चुकवता ती चूक करीत होती, आणि तिला ते कळायला काही मार्गच नव्हता.

दोष कुणाचा? भरती करताना दवाखान्यात विचारले होते, "आधी काय औषध चालू आहे?" आम्ही घाबरलेले. म्हणालो, "बी.पी.ची बारीक पांढरी गोळी." नाव कुणालाच ठाऊक नव्हते. निघताना जुन्या गोळ्यांविषयी कुणी सांगितले नाही, की सांगितले ते आम्ही ऐकले नाही, हे आजही ठरत नाही. दादा दोन दिवसांत सावरले. पण त्या दोन दिवसांत आम्ही पुष्कळ शिकलो.

दाखला म्हणजे काय

आम्ही हयातभर शाळेत काम केले. मूल एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत गेले, की त्याच्याबरोबर दाखला जातो. दाखल्यावर नाव, जन्मतारीख, इयत्ता, सारे असते. दाखला नसला तर नव्या मास्तरांना काय कळणार? मूल चौथीतले की सहावीतले?

रुग्णाचेही तसेच आहे. दवाखाना सोडताना जो कागद मिळतो, त्याला डिस्चार्ज कार्ड म्हणतात. हा रुग्णाचा दाखला. कोणता आजार झाला, काय तपासण्या झाल्या, कोणती औषधे द्यायची, पुन्हा कधी दाखवायचे, हे त्यावर लिहिलेले असते.

पण एक फरक आहे. मूल दोन-तीनदा शाळा बदलते. लांबच्या आजाराचा रुग्ण मात्र सारखा फिरत असतो. घरून दवाखान्यात, दवाखान्यातून घरी, घरून उपकेंद्रात, तिथून पुन्हा मोठ्या दवाखान्यात. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून पाण्याची बादली हातोहात देतात. प्रत्येक हाताला थोडे पाणी सांडते. रुग्णाच्या माहितीचे तसेच होते. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी सांडते. शेवटच्या माणसाच्या हाती कधी कधी रिकामी बादलीच येते.

हे आपल्याच देशात होते असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुका कमी करण्याची मोहीम साऱ्या जगासाठी काढली. त्यात तीन गोष्टींवर भर दिला. एक, धोक्याची औषधे आणि धोक्याचे प्रसंग. दोन, एकाच माणसाला एकदम अनेक औषधे असणे. आणि तीन, रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. आमच्या दादांच्या बाबतीत दुसरी आणि तिसरी गोष्ट एकदम घडली होती.

निघण्यापूर्वी विचारा

सुट्टी मिळाली म्हणजे घाई होते. बिल भरायचे असते, गाडी दारात उभी असते. तरी अर्धा तास थांबा. जो माणूस घरी रुग्णाचे करणार आहे, त्यानेच पुढे बसून विचारावे. बाहेरची कामे पुरुष करतात आणि घरी करायचे असते सुनेला. सांगणे एकाला आणि करणे दुसऱ्याला, असे नको.

जुन्या गोळ्यांचा डबा बरोबर न्या. डॉक्टरांपुढे ठेवा. विचारा, "यातली कोणती चालू ठेवायची? कोणती बंद? नव्या गोळ्यांत यांपैकी काही आहे का?" बंद केलेली औषधे घरात ठेवूच नका.

मग आपण जे समजलो ते डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना उलट सांगून दाखवा. शाळेत आम्ही मुलांना विचारायचो, "समजले का?" सगळी मुले एका सुरात "हो" म्हणायची. पण एकाला उभे करून सांगायला लावले, की खरे कळायचे. तसेच हे.

नाकातून नळी असेल, लघवीची नळी असेल, तर नर्सबाई ती कशी सांभाळायची ते दाखवतात. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर त्याची चित्रफीत घ्या. नळीतून अन्न देताना रुग्णाचे डोके आणि पाठ उंच ठेवायची, आणि दिल्यावरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची. ऐकलेले चार दिवसांत विसरते. चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहता येते.

कागद मोबाइलात ठेवा

कागद हरवतो, भिजतो, पुण्याला जातो! म्हणून मिळाल्या दिवशीच त्याचा फोटो काढा. कागद सपाट ठेवा. उजेडात ठेवा. चारी कोपरे दिसले पाहिजेत. मागच्या बाजूलाही लिहिलेले असते, तिचाही फोटो घ्या. मग ते अक्षर मोठे करून वाचता येते का, ते पाहा. औषधांच्या पाकिटांचेही फोटो काढा. नाव आणि तारीख छापलेली बाजू दिसू द्या.

हे फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलवर ठेवा. एकाचा मोबाइल बंद पडला, तर दुसऱ्याचा उपयोगी पडेल. मात्र गावाच्या ग्रुपवर ते टाकू नका. माणसाचा आजार ही त्याची खाजगी गोष्ट आहे. ती चव्हाट्यावर मांडायची नसते.

तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. गोळ्यांची नावे बहुधा इंग्रजीत असतात. त्याने बिचकू नका. पाकिटावर कंपनीने ठेवलेले नाव असते आणि औषधाचे खरे नावही असते. ते खरे नाव कोणते, हे औषधवाल्याला विचारा आणि त्याखाली रेघ मारून घ्या. मग दोन पाकिटांवरची ती अक्षरे चित्रासारखी जुळवून पाहा. जुळली तर थांबा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही देऊ नका.

चौदा आकड्यांचा नंबर

आता सरकारनेही या दाखल्याची एक सोय केली आहे. तिचे नाव 'आभा'. ही योजना साऱ्या देशात २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाली. यात प्रत्येकाला चौदा आकड्यांचा एक नंबर मिळतो. आधारवरून तो काढता येतो. पैसे पडत नाहीत. तो घेण्याची सक्तीही नाही.

हा नंबर काय करतो? जो दवाखाना या योजनेला जोडलेला आहे, तिथले तुमचे कागद या नंबराशी बांधले जातात. कागद त्या त्या दवाखान्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते पाहायचे झाले, तर मोबाइलवर तुमची परवानगी मागितली जाते. तुम्ही हो म्हटले तरच ते दिसतात. दिलेली परवानगी मागेही घेता येते. किल्ली आपल्या कनवटीला असते, असे समजा.

पण सगळे दवाखाने अजून या साखळीत आलेले नाहीत. म्हणून नंबर काढला तरी कागद फेकू नका.

इथे पुष्कळांचा एक घोटाळा होतो. 'आभा' वेगळे आणि 'आयुष्मान कार्ड' वेगळे. आयुष्मान कार्ड दवाखान्याच्या खर्चासाठी आहे. ती योजना २०१८ साली सुरू झाली. २०२४ सालापासून ७० वर्षे आणि त्यापुढच्या सर्वांना, गरीब असोत वा सुखवस्तू, त्या योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या दवाखान्यातील उपचारांचा लाभ मिळू शकतो. तर एक नंबर माहितीचा, एक कार्ड पैशाचे. दोन्ही उपयोगाची.

डॉक्टर पडद्यावर

लकवा झालेल्या माणसाला दर वेळी शहरात नेणे सोपे नाही. चार माणसे लागतात. गाडीभाडे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते. मग लोक दाखवायला नेतच नाहीत. "बरे दिसतेय की," म्हणतात आणि औषध बंद करतात. मग दुसरा झटका येतो.

यासाठी 'ई-संजीवनी' नावाची सरकारी सोय आहे. ती २०१९ साली उपकेंद्रांतून सुरू झाली. २०२० सालच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, घरच्या मोबाइलवरूनही डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली. आपल्या उपकेंद्राचे नाव आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ते रुग्णाचा रक्तदाब आणि साखर तपासतात. मग पडद्यावर दूरच्या डॉक्टरांशी बोलणे करून देतात. डॉक्टर रुग्णाला पाहतात, प्रश्न विचारतात, आणि औषधाची चिठ्ठी तिथल्या तिथे येते. याला पैसे पडत नाहीत.

बोलायला बसताना तीन गोष्टी जवळ ठेवा. डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटे आणि रक्तदाबाची वही. पडद्यावरच्या डॉक्टरांना रुग्णाची नाडी हाताने पाहता येत नाही. तुमची वहीच त्यांची नाडी.

गजर, मशीन आणि वही

मोबाइलमध्ये गजर लावता येतो. दादांसाठी आम्ही दोन गजर लावले, सकाळी आठला आणि रात्री नऊला. गजर झाला की गोळी द्यायची आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची. खूण दिसली की दुसरे कोणी पुन्हा गोळी देत नाही.

रक्तदाब मोजण्याचे मशीन घरी असले तर फार बरे. नसले तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू द्या. पट्टा धडधाकट हाताला बांधा, वारे गेलेल्या हाताला नको. हात छातीच्या उंचीवर टेकवा. मोजताना बोलू नका. आकडा लगेच वहीत लिहा, तारीख आणि वेळ घालून. किती वर गेला किंवा किती खाली आला तर फोन करायचा, हे दोन आकडे डॉक्टरांकडून आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका आणि आपल्या मनाने गोळी कमीजास्त करू नका.

यंत्राला जमत नाही ते

मोबाइल आठवण देईल. पण कूस तो बदलणार नाही. खाटेला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, दिवसा आणि रात्रीही. नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. त्या लवकर भरत नाहीत. रोज आंघोळ घालताना पाठ पाहा. लाल डाग दिसला तर त्या बाजूवर भार देऊ नका, आणि नर्सबाईंना दाखवा.

पाणी पिताना किंवा घास गिळताना खोकला येत असेल, तर जबरदस्तीने भरवू नका. अन्न फुप्फुसात जाते आणि ताप येतो. हे लगेच डॉक्टरांना सांगा. पुन्हा तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हातपाय लुळा पडला, तर पडद्यावरच्या डॉक्टरांची वाट पाहू नका. सरळ १०८ लावा.

आणि करणाऱ्याकडेही पाहा. रात्री दोनदा-तीनदा उठणारी सून किंवा बायको हीही माणूसच आहे. तिला आठवड्यातून एक रात्र पुरती झोप मिळाली पाहिजे. मन फार खचले, तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तिथे मनमोकळे बोलता येते. म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ हा नंबर आहे. दोन्ही फुकट.

एक गोष्ट बजावून सांगतो. 'आभा' किंवा आयुष्मान कार्ड काढून देतो म्हणून अनोळखी माणसाचा फोन आला, तर मोबाइलवर आलेला आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो सांगू नका. काम उपकेंद्रात, सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंच्या मदतीने समोरासमोर करा. लकवा आठ दिवसांत बरा करतो अशा चित्रफिती मोबाइलवर येतात. त्या पाहून चालू औषध बंद करू नका.

आज दादा

त्या गोष्टीला दीड वर्ष झाले. दादांचा उजवा हात परत आला नाही. पण काठी टेकत ते ओसरीवर येतात. सकाळी आठला मोबाइल वाजला, की स्वतःच डावा हात पुढे करतात. सूनबाई आधी पाकीट वाचते, मग गोळी देते. पत्र्याचा डबा आता रिकामा आहे. त्यात दाखला ठेवला आहे.

हे लक्षात ठेवा

१. जुनी आणि नवी औषधे डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. बंद औषध घरात ठेवू नका.
२. समजले ते उलट सांगून दाखवा.
३. डिस्चार्ज कार्डाचा आणि पाकिटांचा फोटो दोन मोबाइलांवर ठेवा.
४. गजर लावा, खूण करा, आकडा वहीत लिहा.
५. दाखवण्याची तारीख चुकवू नका. जाणे जमत नसेल, तर उपकेंद्रातून डॉक्टरांशी बोला.

करून पाहा

आज घरात जाऊन गोळ्यांचा डबा उघडा. एकेका पाकिटावरचे नाव अक्षर लावून वाचा. तारीख संपली आहे का, पाहा. एकच नाव दोन पाकिटांवर सापडले, तर ती दोन्ही पाकिटे उद्या आरोग्य केंद्रात घेऊन जा.